चार असेल तर तीन

घरची सेडान गेली आठ वर्षं रॅलीला उतरत होती आणि दर मोसमात हलकी होत होती. मागची सीट गेली, गालिचे गेले, दारांची आतली पॅनेलं गेली. गाडी उलटली तरी टप दबू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा तेवढा नियमामुळे वाचला. यंदा नवऱ्याने गॅरेजातल्या काट्यावर बायकोलाच उभं केलं.

"अडुसष्ट!" तो मेकॅनिकच्या देखत म्हणाला. "आमची चिमी पन्नासात बसते. यंदा वही ती वाचेल."

चिमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिने हेल्मेट आधीच काखोटीला मारलं होतं.

बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी बसून त्याला वळणं वाचून दाखवणं, या एकाच कामात ती त्याची कुणीतरी होती. वही तिचीच. एक म्हणजे गाडी जवळजवळ मागे फिरवणारं वळण, सहा म्हणजे सरळ म्हणावा असा रस्ता. लिहायची खरं, वाचायची मात्र एक आकडा कमी. पठ्ठ्या सांगू त्यापेक्षा एक आकडा जोरातच घुसायचा ना! चार असेल तर ती तीन म्हणायची, तो चारच्या वेगाने जायचा आणि स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा. त्याचं नाक कशाला कापा, म्हणून तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

रॅलीच्या दिवशी गाडी सुटायच्या आधी ती खिडकीशी वाकली. "अहो, वहीबद्दल एक सांगायचं होतं."

"आता तुझं पुराण नको."

"वहिनी, मला वाचता येतं," चिमी हसली.

ती मागे सरली. अजून अर्धं मिनिट होतं, ओरडून सांगता आलं असतं. तिने ते घड्याळाकडे बघण्यात घालवलं.

दरीकाठच्या वळणाला वहीत दोन लिहिलं होतं. चिमीने दोन वाचलं. तो तीनच्या वेगाने गेला.

चिमी खरचटण्यावर सुटली. त्याचा डावा पाय गुडघ्यातून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्याने बहिणीवर तोंडसुख घेतलं. चिमी रडत म्हणाली, "दादा, लिहिलं होतं तेच वाचलं रे."

"तू काय वाचलं असतंस?" त्याने बायकोला विचारलं.

"एक."

मग स्टूल ओढून तिने आठ वर्षांचं सगळं निवांत सांगितलं. तिला बरं वाटत होतं.

"आधी बोलली का नाहीस?"

"आले होते की सांगायला."

तेवढ्यात नर्स काटा घेऊन आली, औषधासाठी वजन हवं होतं. बायकोने त्याला काखेत धरून एका पायावर उभं केलं आणि चिमीच्या देखत आकडा मोठ्याने वाचला. होता तेवढाच वाचला.