कुलपातला चष्मा

चिकलठाण्याच्या एका दवाखान्यात पारूबाई वीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळत होती. हाडं जोडताना एक्स-रेचं मशीन चालू असायचं, म्हणून डॉक्टर विशाखाताईंच्या पाठीमागं शिशाच्या ॲप्रनची गाठ तीच बांधायची. किरणांपासून डोळे वाचवायला शिशाच्या काचेचा चष्माही आला होता. एवढ्या महाग वस्तूला ओरखडा पडायला नको, म्हणून पारूबाईनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात कुलूपबंद केला.

चार महिन्यांनी ताई डोळे तपासून आल्या. "मावशी, मोतीबिंदूची चाहूल लागलीय म्हणे. मी मागवलेला चष्मा अजून आलाच नाही का?"

पारूबाईनं कपाटाचं कुलूप काढून चष्मा आणून दिला. "जपून ठिवला व्हता."

"काचेला लई जपलंत," ताई हसल्या. "आता डोळ्यांना जपू. अजून वेळ गेली नाही."

दुसऱ्या दिवशी ताई घाईत आल्या. पारूबाई ॲप्रनचे बंद हातात धरून उभीच राहिली.

"बांधा ना, मावशी."

"आधी चष्मा."

"दोनच फोटो काढायचेत."

"एक का असंना. चष्म्याबिगर मी गाठ मारायची नाय."

ताईंनी चष्मा चढवला. मग पारूबाईनं गाठ अशी आवळली, की ताई म्हणाल्या, "मावशी, श्वास तरी घेऊ द्या."