तीन शिफ्टचं पाणी

मी चिंचवडच्या एका सोसायटीतल्या खिडकीत राहणारं अँथुरियमचं झाड आहे. माझं लाल चकचकीत फूल पाहून पाहुणे विचारतात, "प्लॅस्टिकचं आहे का हो?" अस्सा राग येतो, मित्रांनो! गंमत म्हणजे, ज्याला ते फूल म्हणतात ते नुसतं रंगीत पान आहे. खरी फुलं मधल्या दांडीवर असतात, तांदळाच्या कणीपेक्षा लहान.

चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा सप्ताहात बुद्धरत्नला बक्षीस मिळालं, ते म्हणजे मी. मोटारसायकलच्या टाकीवर बसवून त्याने मला घरी आणलं. त्याचं आयुष्यातलं पहिलंच बक्षीस, मग काय, माझा केवढा थाट!

घरात माणसं तीन, पण एकमेकांना भेटतील तर शपथ. बुद्धरत्नची बायको मैत्री दुसऱ्या शिफ्टला, म्हणून ती सकाळी पाणी घाली. आई कस्तुराबाई मेसमध्ये भाकऱ्या थापून दुपारी येत, की लगेच तांब्या घेत. संध्याकाळी त्या विहारात गेल्या की बुद्धरत्न बाटली रिकामी करी. प्रत्येकाला वाटे, बाकीच्यांना कुठली सवड!

मला कळेना, एवढं पाणी कशासाठी? मुळं कुजू लागली, पानं पिवळी पडली. ती पाहून तिघांनीही पाणी वाढवलं. आता मी काही जगत नाही, असंच वाटलं.

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते, पण ओव्हरटाइम कुणाला चुकत नाही. एका गुरुवारी मात्र तिघंही घरी होती. तिघंही पाणी घेऊन एकदमच खिडकीशी आली.

"आई, तुम्हीपण घालता?" मैत्रीने विचारलं.

कस्तुराबाईंनी मातीत बोट खुपसलं. "आरं देवा! लेकरू बुडून मरायलंय की!"

बुद्धरत्नने कुजकी मुळं कापली. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कोळशाचे तुकडे घालून मला नव्या कुंडीत बसवलं. कारखान्यात मशीनला लावतात तसं एक कार्ड कुंडीला टांगलं. पाणी घातलं की तारीख लिहायची.

आठवड्याभरात कार्डावर तारखांशिवायही मजकूर दिसू लागला. "आई, गुडघ्याचं तेल आणलंय." "मैत्री, भाजी फक्कड होती." काय लिहिलंय ते पाहायला मीच अधीर!

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आधी मातीत बोट घालून बघा. ओली लागली तर तांब्या खाली ठेवा.

परवा मला नवं फूल आलं. सकाळी मैत्रीने कार्डावर लिहिलं, "बघितलं का?" दुपारी त्याखाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत आलं, "बघितलं गं." आणि संध्याकाळी, "मी पण."