चाकांवरच्या घराचं वायरिंग

बाबांनी उभ्या आयुष्यात बिल्डिंगीच्या बिल्डिंगी उजळल्या होत्या. लेकीच्या मोटारहोमचं पॅनेल म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. ब्रेकर बसवले आणि न्यूट्रल नि अर्थिंग एकाच पट्टीला आवळलं. लेकीने गाडीचं माहितीपुस्तक पुढे केलं. गाडीत ही दोन्ही वेगळी ठेवायची, ती जोडलेली असतात जिथून वीज घेतो तिथे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. घराच्या मेनला असंच जोडतात, म्हणाले. बापापुढे कोण बोलणार? ती गप्प बसली, आणि आता त्या गप्प बसण्याचाच तिला संताप येत होता.

मुक्कामाच्या तळावर गाड्यांना वीज देणारा खांब होता, तिनेच केबल त्याच्या सॉकेटला लावली. दिवे लागले, पंखा फिरला, बाबा खूश. मग नळीने चाकं धुताना तिचं कोपर पत्र्याला घासलं आणि हाताला मुंग्या आल्या. पायात जाड रबरी बूट होते म्हणून मुंग्यांवरच निभावलं. तिने टेस्टर पत्र्याला टेकवला, तर तो पेटला. खांबातल्या फेज नि न्यूट्रलच्या तारा उलट जोडलेल्या असणार, अर्थिंग तुटलेलं असणार, आणि बाबांच्या त्या जोडणीमुळे करंट अख्ख्या गाडीच्या अंगावर आला होता.

आत असलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. पण हात गाडीला असताना पाय ओल्या जमिनीवर पडला, की खेळ खलास. आणि बाबा आंघोळ करून, अनवाणी, दारातला लोखंडी दांडा धरून खाली उतरायच्या बेतात होते. खाली सगळा चिखल.

उतरू नका, गाडीला करंट आहे, ती ओरडली. बाबांचा पारा चढला. कालची पोर आपल्याला वायरिंग शिकवणार? आत्ता खाली येऊन दाखवतो, म्हणाले. खांब गाडीच्या पलीकडे होता. वळसा घालून ती तिथे पोचेपर्यंत बाबांनी पाय टेकलाच असता, आणि हट्टाला पेटलेल्या या माणसाला समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. तिला ब्रह्मांड आठवलं.

तिने बूट काढून फेकले आणि चिखलात अनवाणी उभी राहिली. पंजा पत्र्याच्या जवळ नेला.

"तुमचं काम चोख आहे ना बाबा? मग मला काही होणार नाही. लावू हात?"

बाबांचा एक पाय हवेतच राहिला. ते तिच्या पंज्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू पांढराफटक पडला.

"नको," ते म्हणाले. "हात लावू नकोस."

त्यांनी पाय आत घेतला आणि तिथेच आत बसले. ती धावत सुटली, खांबावरचा ब्रेकर पाडला, केबल उपटून काढली. परत येऊन म्हणाली की आता उतरा, करंट गेला. बाबा हलले नाहीत.

"खरंच लावला असतास?"

"तुम्ही थांबला नसतात तर, हो."

बाबांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि हुंदके देऊन रडू लागले. त्यांना रडताना ती पहिल्यांदाच बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि तरीही तिला त्यांचा रागच येत होता.