पत्र्याच्या डब्यातली नावं

देवाजवळ दहा मिनिटं बसायला कुणाची परवानगी लागत नाही, असं मला वाटायचं. पहाटे पाचला उठायचं, कॉफी करून घ्यायची, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसायचं, एक स्तोत्र वाचायचं आणि मग गप्प राहायचं. मागायचं काही नाही. बाहेर बर्फाखाली बीटची शेतं आणि आत मी. एकवीस वर्षं हे माझं एकटीचं होतं. माझ्या नवऱ्याला, डेल्मरलासुद्धा, मी त्यात घेतलं नव्हतं.

चूक माझीच. चार वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात, रविवारच्या उपासनेनंतरच्या कॉफीला लाव्हॉन रडत होती. तिच्या सुनेचं मूल पोटातच गेलं होतं. आमच्याकडे कुणी रडायला लागलं की दोनच गोष्टी करता येतात. त्यांच्या घरी हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं, भांडं पोचवायचं, नाहीतर 'तुमच्यासाठी प्रार्थना करीन' म्हणायचं. हॉटडिश तिघींनी आधीच कबूल केलं होतं, म्हणून मी दुसरं म्हणाले. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण माझी जीभ! "रोज पहाटे पाचला बसतेच मी," हेही सांगून मोकळी झाले.

पुढच्या रविवारी पाच जणींनी गाठलं. पाककृती लिहायची कोरी कार्डं आमच्या बायकांच्या पर्समध्ये असतातच. प्रत्येकीने एकेक लिहून माझ्या हातात दिलं: वर ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव, खाली कारण, कोपऱ्यात कार्ड दिल्याची तारीख. महिन्याभरात पास्टरबाईंनी पत्र्याचा डबाच आणून दिला. "आर्लिस, हे तुझं सेवाकार्य हं," म्हणाल्या. तो डबा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर राहू लागला, आणि मी घरात नसले तर कार्ड द्यायला आलेली बाई स्वतःच त्यात कार्ड सरकवून जाऊ लागली. नाही म्हणायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आम्ही 'बघते' म्हणतो आणि समोरची त्याचा अर्थ हो असा घेते.

या हिवाळ्यात डब्यात एकशे साठ कार्डं होती. गुडघे, घटस्फोट, नातवाची ड्रायव्हिंगची परीक्षा, कुणाची तरी हरवलेली मांजर. मी चारला उठू लागले. स्तोत्र गेलं, गप्प बसणं गेलं, कॉफी गार व्हायला लागली. एखादं कार्ड काढून टाकावं, तर हात धजेना. मागे आमच्या चर्चमधल्या हार्लनची पाठ बरी झाली म्हणून त्याचं कार्ड काढलं, आणि त्याच आठवड्यात तो धान्याच्या कोठीवरून पडला. तेव्हापासून कुठेही दिसला की ओरडतो, "काय आर्लिस, आहे ना मी डब्यात?" लोक हसतात. हसून झालं की आपलंही कार्ड जागेवर आहे ना, हे हळूच विचारून घेतात.

मला त्या डब्याचा राग यायचा. खरं सांगते, त्यातल्या माणसांचाही यायचा. दुसऱ्यांची नावं घेता घेता दात आवळले जायचे, आणि असल्या प्रार्थनेला देव काय म्हणत असेल याची वेगळी धास्ती.

शेवटी जानेवारी लागताच मी चोरी केली. एका पहाटे डबा न उघडता नुसता झाकणावर हात ठेवला. "हे सगळे," म्हटलं, "तुला माहीत आहेत." आणि गप्प बसले. लाज वाटली, पण त्या दहा मिनिटांत मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग रोजच. लाव्हॉनने एकदा विचारलं, "माझी सून आहे ना गं?" ती पुन्हा गरोदर होती, दिवस भरत आले होते. मी बेधडक म्हटलं, "आहे की." सतरा तारखेच्या रविवारी डबा पास्टरबाईंच्या हातात परत द्यायचा, हे मी ठरवून टाकलं. काय बोलायचं तेही पाठ केलं.

याच दिवसांत डेल्मर पहाटे उठून स्वयंपाकघरात येऊ लागला. दारात नुसता उभा राहायचा.

"काय पाहिजे?" मी विचारायची.

"काही नाही. झालं का तुझं?"

"दिसत नाही का, बसलेय ते?"

"बस, बस. चालू दे."

तरी हलायचा नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "डेल्मर, दिवसभर तुझीच असते ना मी? ही दहा मिनिटं तरी सोड मला." तो मान हलवून निघून गेला.

शनिवारी सकाळी लाव्हॉनचा फोन आला. नातू झाला होता, आई आणि बाळ सुखरूप. बाळंतपणासारखं मागणं एकदाचं पुरं झालं की कार्ड ज्याचं त्याला परत द्यायचं असतं; लोक ते बायबलमध्ये जपून ठेवतात. म्हणून मी कित्येक दिवसांनी डबा उघडला. लाव्हॉनचं कार्ड शोधताना एक वेगळंच हाताला लागलं. जाड शिसपेन्सिल, अक्षर तिरकं.

'डेल्मर हॉफस्टाड. फुफ्फुसात गाठ. फार्गोच्या हॉस्पिटलात तपासणी, १९ जानेवारी.' कोपऱ्यात सहा तारीख.

स्वतःच्या बायकोला, आडनावासकट.

डेल्मर अंगणातला बर्फ काढून आत आला, तेव्हा मी ते कार्ड हातात धरूनच उभी होते.

"तोंड नव्हतं का तुला?" मी ओरडले. राग त्याच्यावर नव्हता.

त्याने हातमोजे काढले. "आलो होतो गं सांगायला. तुझं चालू होतं. मग वाटलं, तिथे ठेवलं की तुलाही कळेल आणि वरही पोचेल."

"दहा दिवस, डेल्मर!"

"तू काही बोलली नाहीस तेच बरं केलंस. तू घाबरलीस की मी संपलोच असतो." तो खुर्चीत बसला. "गाठ कळल्यापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता माझा. कार्ड टाकलं त्या रात्री झोपलो. तेव्हापासून रोज झोपतो. पहाटे तू माझं नाव घेतेस, एवढ्यावर." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घेतेस ना?"

मंगळवारी फार्गोला जायचं होतं. मधे तीन रात्री होत्या.

"घेते," मी म्हणाले.

"सगळ्यात आधी?"

"सगळ्यात आधी."

"मग सोडू नकोस, आर्लिस. काही झालं तरी हे सोडू नकोस."

"नाही सोडत," मी म्हणाले. तो माझ्या पोटाशी तोंड लपवून रडायला लागला, आणि त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवत, कुठल्या दिवशी त्याच्यासाठी देवाला काय काय सांगितलं, ते मी त्याला रचून सांगत राहिले.