सतराव्या होलवरचा पाय

आपल्या माणसासाठी कोल्हापूरचा माणूस काय करील याचा नेम नाही, मंडळी! ऑफिसात काम अडलं तर साहेबाच्या मेहुण्याची ओळख शोधून काढील. शाळेच्या स्पर्धेत पोराचा नंबर यावा म्हणून परीक्षकाच्या घरी गुळाची ढेप पोचवील. आणि कुणी टोकलं तर वर छाती काढून विचारील, "आपल्या माणसासाठी केलं, त्यात काय चुकलं?" शिवाजी पेठेतला सयाजी याच जातकुळीतला. पेठेत त्याचं दुचाकीचं गॅरेज. माणूस कष्टाळू, मनानं चांगला, पण पोराच्या प्रत्येक गोष्टीत हात घातल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

त्या रविवारी सकाळी तो भगवी टोपी घालून निघाला, तशी बायको पूर्णिमा दारात आडवी आली.

"आज तिथं जाऊन कसले उपद्व्याप करू नगासा. गप उभं ऱ्हावा."

"मी काय ल्हान हाय व्हय?"

"ल्हान असतासा तर खोलीत कोंडून कडी घातली असती!"

पूर्णिमाच्या जिवाला घोर होता, कारण दिवसच तसा होता. शहराबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर देशभरातल्या व्यावसायिक खेळाडूंची चार दिवसांची स्पर्धा चालू होती. आज शेवटचा दिवस, आणि सगळ्यांत पुढं होता त्यांचा पोरगा सम्राट! सयाजी पूर्वी या मैदानाचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायला जायचा, तेव्हा दहा वर्षांच्या सम्राटला सोबत न्यायचा. तिथं पोराच्या हातात काठी आली ती आलीच. व्यावसायिक होऊन सहा वर्षं झाली, पण एकही स्पर्धा जिंकली नव्हती. ही जिंकली की पुढचं वर्षभर देशातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश. नाही जिंकली तर पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात. आणि सम्राटनं आईला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "आता न्हाय जमलं तर मी गॅरेजात बसणार."

मैदानावर अठरा होल, म्हणजे खळग्या, आणि त्यांत बॉल घालायला ज्याचे फटके कमी तो जिंकणार, एवढं गोल्फ सयाजीला कळत होतं. सोळा होल झाले तेव्हा सम्राट एका फटक्यानं पुढं होता. त्याच्या पाठोपाठ होता निपाणीचा संगमेश, शांत डोक्याचा पोरगा. दोघं एकत्रच खेळत होते. मैदानाच्या कडेनं बांधलेल्या दोरीबाहेरून प्रेक्षक चालत होते. संगमेशची आई शांतव्वासुद्धा हिरव्या इरकलीचा पदर डोक्यावर घेऊन सकाळपासून चालत होती. दहाव्या होलपाशी तिनं आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सयाजीपुढं धरली होती. "खावा अण्णा, उन्हाचं रिकाम्या पोटी हिंडू नये." सयाजीनं खाल्लीही होती.

सतराव्या होलवर मैदान उजवीकडं वळतं. वळणाच्या पलीकडचं काही, जिथून फटका मारतात तिथून दिसत नाही. फटका कुठं पडतोय ते बघायला सयाजी पुढं जाऊन त्या वळणावर उभा राहिला. तिथं कडेला पांढऱ्या खुंट्या रोवल्या होत्या. खुंट्यांच्या पलीकडं बॉल गेला की तो बाद. एक फटका दंड, आणि पुन्हा मागं जाऊन मारायचं.

सम्राटचा फटका झकास आला. सयाजीनं मूठ आवळली. पण बॉल गाडीवाटेच्या सिमेंटच्या कडेवर आपटला, टणकन उडाला आणि गडगडत थेट सयाजीच्या पायापाशी येऊन थांबला.

खुंट्यांच्या वीतभर बाहेर!

सयाजीनं इकडं तिकडं बघितलं. बॉलवर नजर ठेवायला नेमलेला माणूस संगमेशच्या बॉलकडं पळाला होता. खेळाडू अजून वळणाच्या पलीकडं होते. मंडळी, सयाजीचं आख्खं आयुष्य पेठेच्या फुटबॉलमध्ये गेलेलं. आपली टीम पुढं असली आणि बॉल प्रेक्षकांत आला, तर तो लवकर परत द्यायचा नाही, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. सपोर्टर म्हणजे बारावा गडी! डोक्यानं विचार करायच्या आधी पायानं काम केलं. बुटाच्या टोकानं बॉल हळूच आत सरकवला, दोन हात आत, आणि सयाजी आभाळाकडं बघत उभा राहिला.

सम्राट आला. बॉल बघून त्यानं सुटकेचा श्वास सोडला. तिथून त्यानं असा फटका मारला की बॉल थेट होलभोवतीच्या हिरवळीवर! चार फटक्यांत होल संपला. संगमेशचेही चारच. सम्राट अजून एकानं पुढं, आणि आता फक्त अठरावा होल उरला.

"अण्णा," मागून हळू आवाज आला. "बघितलं मी."

शांतव्वा होती.

"काय बघितलासा?"

"पाय."

आधी तो उसळलाच. "तुमच्या पोराला जिंकवायला बोलायलाईसा!"

"तसं असतं तर पंचाकडंच गेले असते की. हितंच उभा हाय त्यो. मी न्हाय सांगणार, अण्णा. निपाणीच्या बाईनं पोराच्या कपासाठी बोंब मारली म्हणतील, आन् माझ्या संगमेशला त्यो कप कायम टोचत ऱ्हाईल. सांगायचं तर तुमीच."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"तर काय न्हाय." शांतव्वा चालता चालता थांबली. "इतकी वर्षं पोराच्या मागनं हिंडते, नियम कळत्यात मला. सम्राटनं अठराव्याचा पयला फटका मारला की सतराव्याचा हिशेब पक्का. मग तुमी छाती बडवून सांगितलं तरी बदलणार न्हाय."

म्हणजे नुसतं गप्प बसायचं. पाचेक मिनिटं! एवढंच तर करायचं होतं. सकाळी पूर्णिमानंसुद्धा हेच सांगितलं होतं, गप उभं ऱ्हावा म्हणून.

"सहा वर्षं घाम गाळलाय माझ्या पोरानं," सयाजी म्हणाला. "सिमेंटच्या एका कडेपायी सगळं घालवायचं?"

"गेलं असतं न्हाईतर ऱ्हायलं असतं, ते त्याच्या हातात होतं की. तुमी त्याच्या हातातनं काढून आपल्या पायात घेतलासा! कप मिळंल, अण्णा. काचंच्या कपाटात ठेवशीला. पावणं येतील, पोरगं कौतुकानं सांगंल कसा जिंकलो ते. तवा तुमी कुठं बघणार? त्याला एकदा तरी इचारलासा का, असला कप पाहिजे का म्हणून?"

सयाजी तरातरा पुढं निघाला. अठराव्या होलपाशी पेठेच्या तालमीतली पोरं जमली होती. त्यांचा म्होरक्या कृष्णात, सयाजीचा जुना दोस्त, पळत आला आणि कानाशी लागला. "सयाजीदा, गुलालाची पोती टेम्पोत हायत, हलगीवाला बी आलाय. आज पेठ दणाणून सोडायची!" सयाजीनं नुसती डोक्यावरची टोपी सारखी केली.

संगमेशनं आपला फटका मारला. आता सम्राट पुढं झाला. त्यानं खाली वाकून बॉल ठेवला, उभा राहिला आणि गर्दीत बापाला शोधून त्याच्याकडं बघून हसला. चार दिवसांत पोरगं पहिल्यांदा हसलं होतं! हेच हसू उद्या, परवा, वर्षानुवर्षं घरात बघायचं, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालायची? सम्राटनं काठी मागं नेली. सगळीकडं चिडीचूप.

"सम्राट, थांब! मारू नगंस!"

काठी हवेत थांबली. स्वयंसेवकांनी हात वर केले, माणसं चिडून मागं वळली. सयाजी दोरीखालून वाकून आत शिरला होता.

"सतराव्याला बॉल बाहेर गेलता. मी पायानं आत ढकलला."

सम्राटनं काठी खाली आणली. "किती बाहेर?"

"वीतभर. पण बाहेर."

सम्राटनं डोक्यावरची टोपी काढली आणि स्वतः हात वर करून पंचांना हाक मारली.

पंचांनी सयाजीला दोनदा खोदून विचारलं, आणि निर्णय दिला. बॉल बाहेर गेल्याचा एक फटका दंड, तो होताच. पण बाद झालेला बॉल खेळला गेला, खेळाडूला माहीत नसलं तरी त्याचे आणखी दोन. आणि पुन्हा सतराव्याच्या सुरुवातीपासून. सयाजीला त्यांनी दोरीपासून लांब झाडाखाली उभं केलं. सम्राट उलट्या पावली निघाला. त्याची ती पाठ बघताना सयाजीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

दंड धरून सतराव्याचे सात फटके झाले. एकानं पुढं असलेला पोरगा दोनानं मागं पडला. तरी अठराव्यावर तो खेळला कसा म्हणता! ठरलेल्या चार फटक्यांपेक्षा एक कमी, लांबून मारलेला बॉल वळत वळत होलमध्ये पडला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण संगमेश डगमगला नाही. त्यानं आपले नेमाचे चार मारले आणि एका फटक्यानं कप निपाणीला गेला.

झालं! तालमीची पोरं भडकली. "फिक्सिंग हाय! निपाणीवाल्यांनी पंच फोडला!" कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, ती शांतव्वाच्या पायाशी पडली. कृष्णात बाह्या सरसावून पुढं निघाला. तेवढ्यात सयाजी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला.

"कृष्णात, माघारी फिर! निपाणीवाल्यांनी काय बी केलं न्हाय. लबाडी मी केली! बाहेर गेलेला बॉल ह्या पायानं आत घेतला. ह्या माउलीनं बघितलं, तरी चुगली केली न्हाय. बाटली मारायचीच असंल तर मला मारा!"

पोरांचे आवाज बसले. कृष्णातनं मान खाली घातली. आयुष्यभर पेठेत ताठ मानेनं फिरलेला माणूस सगळ्यांदेखत खुर्चीवर उभा राहून रडत होता. शांतव्वानं पुढं होऊन त्याला हाताला धरून खाली उतरवलं.

संध्याकाळी गर्दी पांगली. सम्राट पायरीवर बूट सोडत बसला होता. सयाजी त्याच्यापासून जरा अंतरावर टेकला.

"मी पाय लावला नसता तर?" सयाजीनं विचारलं.

सम्राटनं वर बघितलं नाही. "बाहेर गेल्याचा एकच दंड बसला असता. सतराव्याला पाच झालं असतं, म्हणजे बरोबरी. अठराव्याला मी संगमेशपरीस एक कमी मारला."

"म्हणजे?"

"म्हणजे एका फटक्यानं मीच जिंकलो असतो, आबा."

सयाजीनं तोंडात रुमाल कोंबला. पोराच्या मदतीला गेलेला पाय पोराच्याच कपावर पडला होता!

"कप गेला त्याचं मला वाईट वाटतंय," सम्राट म्हणाला. "पर त्याच्यापरीस एक जास्त लागलंय. बॉल बाहेर बघितल्या बघितल्या तुमाला वाटलं, आता ह्याच्यानं व्हायचं न्हाय. माझ्यावर एवढा बी भरवसा न्हवता व्हय?"

"चुकलो, पोरा," सयाजी म्हणाला. "आता पात्रता फेरीपासनं खेळायचं. गॅरेजाकडं फिरकू बी नगंस. आन् मी येईन ते फकस्त बघायला."

मंडळी, सयाजीला हसायच्या आधी आपण जरा आरशात बघूया. दहावीच्या परीक्षेला खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे आपणच. मुलाखतीच्या आदल्या दिवशी कुणाकुणाला फोन फिरवणारेही आपणच. त्याला आपण माया म्हणतो. पण लबाडीनं दिलेला प्रत्येक धक्का लेकराला हेच सांगतो, की तुझ्यात दम नाही, म्हणून आम्हाला वाकडी वाट धरावी लागली. लेकराला पडू द्या, हरू द्या, मागं जाऊन पुन्हा मारू द्या. त्याच्या पाठीशी जरूर उभे राहा, फक्त पाय आपल्या जागेवर ठेवा. कदाचित ते जिंकणारच असेल, आणि हरवणारे आपणच असू!