पुरे म्हटलं की पुरे

मशीन बंद. बाबांच्या हातात. बाबा दाराशी.

दुकान पुढे, घर मागे, मधे एक पडदा. पुढे दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. मागे स्वयंपाकघर, पलंग, आणि सलूनवाल्याचा सात वर्षांचा मुलगा, ज्याचे केस खांद्यावर आले होते.

"दिव्याखाली अंधार," शेजारचा शिंपी म्हणायचा. त्याला दाढीला बसवलं की म्हणायचाच. "गावाची पोरं चकाचक, आणि तुझ्या पोराच्या डोक्यात चिमण्या घरटं करतील बघ."

सलूनवाला हसायचा. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हे पावडर लावण्यासारखंच, धंद्यात धरलेलं असतं.

पोराला सगळे भुंग्या म्हणत. ओठ मिटून तो दिवसभर एकच सूर धरायचा, काचेत अडकलेल्या भुंग्यासारखा. बोलायचा नाही. ऑटिझम हा शब्द या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. आधी तो पाहुण्यासारखा आला, मग भाडेकरूसारखा राहिला, आता त्याचं काही वाटत नसे.

मागच्या वर्षी चौघांनी धरून भुंग्याचे केस कापले होते. बाप, आई, मामा आणि हाच शिंपी. कटिंग फर्स्ट क्लास झाली होती, एक केस इकडचा तिकडे नाही. त्यानंतर भुंग्याने पडदा ओलांडला नाही. बापाचा हात वर आला की तो कासवासारखी मान आत ओढायचा. केस डोळ्यांत जायचे, तो खाजवून खाजवून कपाळ सोलून काढायचा.

केस तर कापायचे होतेच. पण सलूनवाल्याला खरं काय हवं होतं, तर पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. दिवसभर परक्यांच्या डोक्यांवर हात ठेवणाऱ्या माणसाचं हे काही फार मोठं मागणं नव्हतं.

मशीन बंद. पाठीला टेकवलेलं. लगेच फवारा.

थेरपीच्या मॅडमनी केस कापण्याचे तुकडे केले होते. सलूनवाल्याला वाटायचं, केस कापणं म्हणजे केस कापणं. मॅडम म्हणाल्या, छे. खुर्चीत बसणं वेगळं, मशीन बघणं वेगळं, त्याचा आवाज वेगळा, त्याची थरथर वेगळी. एकेक पायरी त्यांनी कागदावर लिहून दिली. एक जमली की बक्षीस.

भुंग्याचं बक्षीस म्हणजे दुकानातली पाण्याची फवाऱ्याची बाटली. उन्हाच्या तिरिपेत आईने एक फवारा मारला की तो तोंड वर करून त्या थेंबांकडे बघत राहायचा. गोड नको, खेळणं नको. सलूनवाल्याचं पोर शेवटी.

"मी आठवड्यातून एकदा येणार," मॅडम म्हणाल्या होत्या. "बाकी रोज तुम्हीच करायचं. आई-बाबांनी केलं तरच ते मुलाच्या अंगवळणी पडतं."

"आम्ही शिकलेले नाही हो तेवढे," भुंग्याची आई म्हणाली.

"मी शिकवते ना."

मग त्यांनी ते कार्ड दिलं. प्लास्टिकमधलं, त्यावर लाल पंजा. म्हणजे पुरे. भुंग्याने ते हातात दिलं की समोरच्याने हात तिथल्या तिथे थांबवायचा. त्याच्याकडे नाही म्हणायला तोंड नाही, तर हे त्याचं तोंड.

"कटिंग अर्धी राहिली तर?" सलूनवाल्याने विचारलं.

"तरी थांबायचं."

त्याने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

मशीन चालू. पडद्यापलीकडे.

दुपारी दुकान ओस पडायचं, तेव्हा हे चालायचं. एरवी त्या वेळी सलूनवाला दुकानातल्या खुर्चीत पाय पसरून डुलकी काढायचा. भुंग्याची आई सकाळी शाळेत पोरांना जेवण वाढायच्या कामावर जाऊन आलेली असायची. दोघं समोरासमोर बसत तेव्हा कोण आधी जांभई देतं एवढाच प्रश्न असे.

"नुसतं शाब्बास म्हणायचं नाही," ती मॅडमचं पढवायची. "काय चांगलं केलं ते सांगायचं. म्हणजे त्याला कळतं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो ओला टॉवेल दोरीवर टाकत होता, तर ही दारातून म्हणाली, "वा! ओला टॉवेल स्वतःहून उचललात! किती छान!"

"मलापण फवारा मारणार का आता?"

"रोज उचललात तर बघू."

दोघं हसले. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "अहो, मला कधीकधी वाटतं, मी याची आई नाही, याची नोकरी करते."

तो टॉवेल तसाच सोडून तिच्या शेजारी येऊन बसला.

मशीन चालू. उजवी बाजू.

आणि तो दिवस आला. भुंग्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता. मशीन घरघरलं तसा त्याचा सूर थांबला, खांदे वर गेले, पण तो उठला नाही. सलूनवाल्याने मानेपासून वर पहिला हात फिरवला. केसांची बट खाली पडली. आईने फवारा मारला. दुसरा हात. तिसरा.

कानापाशी आल्यावर भुंग्याने मांडीवरचं कार्ड उचललं आणि बापाच्या पोटाला लावलं.

लाल पंजा.

डावी बाजू नंतर करायचीच होती, पण उजवीकडे कानाच्या वर एक झुपका राहिला होता. बोटाएवढा. तो तसाच ठेवला तर कोणीही सांगितलं असतं की हे काम शिकाऊ माणसाचं आहे. सलूनवाल्याच्या वडिलांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडायचं नाही, घराला आग लागली तरी.

"झालंच राजा, एवढंच."

आणि हात फिरला. त्याने ठरवून फिरवला नाही. तो हात आयुष्यभर असाच फिरत आला होता.

भुंग्या ओरडला नाही. त्याने कार्ड उलटं करून बघितलं, मागे काही आहे का म्हणून. मग ते खाली सोडलं, कापलेल्या केसांत. आणि स्वतःच्या मनगटाला चावला.

मशीन बंद. बाबा दाराशी.

ये रे माझ्या मागल्या.

मशीन बंद. बाबा दाराच्या बाहेर.

केसांचं सोडा. भुंग्या कार्डच विसरला. आधी नको असलेला घास तो कार्ड देऊन परतवायचा, अंघोळीचं पाणी कार्ड देऊन थांबवायचा. आता पुन्हा ताट भिरकावू लागला, पुन्हा मनगट चावू लागला. लाल पंजा खिळ्याला लटकून राहिला.

मॅडम आल्या. सगळं ऐकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याला एकच शब्द आला होता," त्या म्हणाल्या. "त्याने तो तुमच्यावर वापरून बघितला. चालला नाही. तुम्ही काय केलं असतंत?"

"मी त्याचं वाईट नव्हतो करत हो."

"माहितेय मला. पण आता शिकायचं तुम्ही, दादा. त्याने नाही."

कागदावर त्यांनी भुंग्याच्या नावाखाली बापाचं नाव लिहिलं. त्यापुढे त्याची पायरी: अर्ध्यावर थांबणे.

बायकोने ही शिकवणी फारच मनावर घेतली. तो शिंप्याची तक्रार रंगवून सांगत असला की मधेच ती खिळ्यावरचा पंजा पुढे करायची. बोलणं बंद. तो भाजी चिरत असला की पंजा. सुरी तशीच हवेत. एकदा दाढी करताना पंजा आला आणि तो एका गालाला फेस घेऊन तासभर बसून राहिला. भुंग्या पलंगाखालून बघत होता.

"तुम्ही ऐकता की!" ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हाच हे कार्ड द्यायला हवं होतं मला."

मग एका जेवणाच्या वेळी भुंग्या खिळ्यापाशी गेला. कार्ड काढलं. बाप त्याच्यापुढे वाटी सरकवत होता, त्याच्या हातावर ठेवलं. वाटी थांबली. भुंग्याने कार्ड परत घेतलं. वाटी हलली. कार्ड. वाटी थांबली. हे असं भात गार होईपर्यंत चाललं.

मशीन चालू. डावी बाजू.

उजवीकडचे केस तोवर पुन्हा कानावर आले होते. सुरुवात डावीकडून केली, नव्याने. मानेपासून वर, कानामागे, मग टाळूपर्यंत. फवारा. पुन्हा. पुन्हा. डावी बाजू सपाट झाली आणि उजवीकडे जंगल तसंच उभं, बरोबर मधोमध बांध घातल्यासारखं. तिथे कार्ड आलं.

सलूनवाल्याने मशीन बंद केलं.

त्याने मशीन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. बायकोने फवारा मारला. पहिला भुंग्याला, मग दुसरा त्याच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी त्याच अवतारात भुंग्या आईबरोबर मागच्या दाराने बाजारात गेला. भाजीवाली हसली, पोरं मागे लागली. कोणीतरी विचारलं, याचा बाप न्हावी आहे ना?

"काम चालू आहे," आई म्हणाली आणि टोमॅटो निवडू लागली.

(ही पायरी मॅडमच्या कागदावर नव्हती.)

शिंपी खुर्चीत होता. गळ्याभोवती कापड, निम्मं डोकं झालेलं.

"सगळ्या गल्लीला दिसलं रे," तो आरशातून बोलत होता. "मी असा एका पायाची पँट शिवून गिऱ्हाईक रस्त्यावर सोडलं तर?"

सलूनवाला आज हसला नाही. आदल्या रात्री भुंग्या जागा होता, म्हणजे तिघंही जागे होते. पाय भरून आले होते. अजून उजवी बाजू राहिली होती, मग पुढच्या महिन्यात पुन्हा डावी. केस काही थांबत नाहीत.

पडदा हलला.

आधी सूर आला, मग भुंग्या. दारातच थबकला. आरसा, खुर्च्या, जमिनीवरचे केस, सगळं एकदा बघून घेतलं. मग भिंतीला पाठ घासत घासत बापापर्यंत आला, आणि कार्ड त्याच्या पोटाला लावलं.

मशीन बंद झालं.

"काय झालं?" शिंपी म्हणाला.

"पुरे म्हणतोय."

"अरे, पण हे माझं डोकं आहे!"

"असू दे."

"अर्धं राहिलंय!"

"दिसतंय मला."

भुंग्याने कार्ड परत घेतलं नाही. तो उभाच राहिला. सलूनवाला बाकड्यावर जाऊन बसला, गिऱ्हाइकांच्या जागी. एवढ्या वर्षांत भर कामात तो तिथे कधी बसला नव्हता. बाकडं चांगलंच टणक निघालं. त्याने डोकं भिंतीला टेकवलं.

थोड्या वेळाने भुंग्या शेजारी येऊन बसला, मधे एका माणसाची जागा ठेवून.

"मी असाच बसून राहू?" शिंप्याने विचारलं.

"पेपर वाचा," डोळे मिटून सलूनवाला म्हणाला. कार्ड त्याच्या मुठीत होतं.