कानशीवरचं कुंकू

खंडेनवमीला नाना बोरिवलीहून येणार होता आणि देवघराखालच्या फळीवर बाबांची कानस नव्हती. तिचा मी चाकू केला होता.

नाना माझा थोरला भाऊ. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा तिथून घरी आली ती ही एक कानस. बाबा गेल्यापासून दर खंडेनवमीला नाना आमच्या घाटकोपरच्या घरी येतो, कानशीवर पाणी शिंपडतो, कुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. मग वर्षभर तिला कुणी हात लावत नाही. मीही लावत नसे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्यात नोकरी संपली, आणि नानाचा शब्द मोडायची हिंमत मला कधी झाली नाही.

निवृत्तीनंतर लाकडात पक्षी कोरायचा नाद लागला. चाकू विकत मिळतो, असं शकु, माझी बायको, म्हणाली. खरंच होतं ते. पण हातातलं पातं आपण केलेलं असावं असं मनात बसलं. का, ते मला अजून धड सांगता येत नाही.

आधी स्वयंपाकघरातला जुना स्टीलचा चाकू घासून पाहिला. शिवणीच्या लाकडावर त्याची धार लगेच वळली. मग वाचायला घेतलं. कोरायच्या पात्याला कठीण पोलाद हवं, त्यात कार्बन भरपूर हवा, आणि घरच्या घरी करायचं तर कानशीसारखं दुसरं काही नाही, असं कळलं. हार्डवेअरच्या दुकानातून नवी कानस आणली. साकीनाक्याला मिथुनचा ग्राइंडिंगचा गाळा आहे. तिथे ती फिरत्या दगडाला लावली. दाते होते तोवर ठिणग्या दाट उडाल्या, दाते गेल्यावर विरळ झाल्या. म्हणजे कठीणपणा नुसता कातडीपुरता, आत मऊ लोखंड. नव्या कानशी अशाच, जुन्या मात्र आतपर्यंत पोलादी, असं पुस्तकात दिलं होतं, तरी मला खात्री वाटेना. मी मिथुनला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.

"काका, दगड माझा, कानस तुमची," तो वैतागून म्हणाला. "तुम्हीच ठरवा ना."

घरी येऊन मी फळीवरची कानस उचलली. कुंकवाचा थर नखाने काढला, तर खाली गंज. दाते झिजले नव्हते, सडले होते. बाबा कानशीला पाणी लागू देत नसत. काम झालं की ब्रशने झाडायचे, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. आणि आम्ही वर्षानुवर्षं तिच्यावर पाणी शिंपडत होतो, वर हात जोडत होतो. आपलंच काही चुकत असेल, असं मला एरवी लगेच वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. राग आला.

मिथुनच्या दगडावर गंज उडाला आणि ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या, फांदीला फांदी. गाभ्यापर्यंत तशाच. मी काही विचारलं नाही. दोन्ही बाजू चकचकीत करून घेतल्या आणि ती पट्टी शकुच्या केकच्या ओव्हनमध्ये ठेवली. पोलाद काचेसारखं तडकू नये म्हणून ते वाळल्या गवताच्या रंगावर येईपर्यंत तापवायचं असतं. "आज केक कानशीचा का?" शकुने विचारलं. पुढे दगडावर पातं घासताना दर वेळी पाण्यात बुडवलं, कारण तापून निळं पडलं की धार गेली. मुठीजवळ बाबांच्या कानशीचे थोडे दाते मुद्दाम ठेवले.

खंडेनवमीला फळीवर चाकू होता. नानाने ते दातेच ओळखले.

"मेल्या, बाबांची कानस मोडलंस?"

"मोडली नाही, नाना. पातं केलं तिचं."

"पुस्तकां वाचून लोहार झालंस?"

इथे मी नेहमी गप्प बसतो. आज बसलो नाही. "तुझ्या कुंकवाखाली ती सडत होती," मी म्हणालो. "अजून काही वर्षांनी तू नुसत्या गंजाची पूजा केली असतीस."

स्वयंपाकघरात शकुने गॅस बारीक केला. नानाने ओलं बोट कुंकवात बुडवलं.

"निदान ह्याची तरी पूजा करूक दी."

मी पात्यावर हात ठेवला. "फूल ठेव. पाणी नको, कुंकू नको."

"आणि मी लावलंच तर?"

"तर मी पुसेन. तुझ्यासमोर."

त्याने बोट धोतराला पुसलं आणि फूलही ठेवलं नाही. शकुने पान वाढलं तेव्हा मात्र बसला. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, त्याच्या आवडीचं.

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, हे मला माहीत आहे. ही कानस तर बाबा गेल्यापासून चाललीच नव्हती. मी त्याच्यासमोर स्टूल ओढलं, चाकूला तेलाचं बोट लावलं आणि शिवणीचा तुकडा हातात घेतला. पक्षी कसा झाला ते सोडा. शकुच्या मते ते वांगं आहे, आणि ती बहुधा बरोबर असेल. पण पातं लाकडाच्या आडव्या रेषांतही कुठे अडलं नाही. पातळ सालं निघून नानाच्या पाटापर्यंत गेली. नाना घास हातात धरून बघत होता. माझी मान खाली होती, पण ती लाकडाकडे बघण्यासाठी.